विषाणू पेशीत शिरतो म्हणजे नेमकं काय होतं?

बार्शीच्या एका शिक्षिकेने विचारलंय. सासूबाईंना सणकून ताप आला, मनगटं-घोटे-गुडघे धरले. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, चिकनगुनियाची तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर म्हणाले चिकनगुनियाच आहे. वर, मागूनही अँटिबायोटिक दिलं नाही. इकडे आठवीच्या वर्गात मुलं विचारतात की विषाणू निर्जीव असेल तर तो पेशीत शिरतो कसा? आणि सासूबाईंचं म्हणणं असं की हे दुखणं त्यांच्या लहानपणी गावात येऊन गेलंय. यातलं खरं काय?

मॅडम, सासूबाईंपासूनच सुरुवात करतो, कारण त्या अगदी बरोबर सांगताहेत. १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. त्याआधी १९६३मध्ये कलकत्त्यात आली होती. भारतातल्या चिकनगुनियाचा इतिहास कुठेही वाचा, सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाचं नाव त्यात येतंच. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार देशात जवळजवळ विसरला गेला आणि २००५-०६मध्ये धाडकन परत आला. परत आलेला विषाणू जुन्या आशियाई घराण्यातला नव्हता, आफ्रिकेतल्या घराण्यातला होता. गावात साथ आली होती एवढंच सासूबाई म्हणताहेत, मला झाला होता असं त्या म्हणत नाहीत, हेही लक्षात घ्या. एकदा होऊन गेलेल्या माणसाला चिकनगुनिया सहसा पुन्हा होत नाही.

आता मुलांचा प्रश्न. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर, सोलापुरात प्रयोगशाळा चालवतो, त्याआधी विद्यार्थ्यांना हेच शिकवायचो. इतक्या वर्षांत हा विषय समजावण्यात सगळ्यात जास्त अडथळा केला असेल तर तो ‘हल्ला’, ‘घुसखोरी’, ‘शत्रू’ या भाषेने. त्या भाषेमुळे असं वाटतं की विषाणू काहीतरी करतो. प्रत्यक्षात तो काहीच करत नाही. जे काही घडतं ते आपली पेशी करते, आणि तेही तिची रोजचीच कामं. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की तुमचे बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

पेशीबाहेरचा चिकनगुनियाचा विषाणू म्हणजे साधारण ७० नॅनोमीटर व्यासाचा गोळा. माणसाची एक पेशी त्याच्यापुढे एवढी मोठी की तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे दोनेकशे गोळे ओळीने मांडता येतील. हा गोळा खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, हलतही नाही. ज्या द्रवात असेल त्यातले रेणू त्याला ढकलतील तिकडे तो जातो. १९३५मध्ये वेंडेल स्टॅन्ले यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक बनवून दाखवले. मिठाचे किंवा खडीसाखरेचे बनतात तसे स्फटिक, आणि ते पानावर चोळले की रोग हजर. १९५०च्या दशकात त्याच विषाणूचं कवच काढून टाकून नुसतं आतलं आरएनए (डीएनएसारखीच, सूचनांचा मजकूर वाहणारी रेणूंची साखळी) पानाला लावलं, तरी रोग झाला. २००२मध्ये अमेरिकेत पोलिओच्या विषाणूचा मजकूर अक्षराला अक्षर जोडत रसायनांपासून तयार केला गेला आणि पेशींच्या अर्कात टाकल्यावर त्यातून रोगकारक विषाणू बाहेर पडला. म्हणजे खरी वस्तू तो मजकूर. बाकीचं कवच तो मजकूर एका पेशीतून दुसऱ्या पेशीपर्यंत शाबूत पोचवण्यापुरतं. ‘सजीव की निर्जीव’ हा वाद मला स्वतःला परीक्षेपुरताच महत्त्वाचा वाटतो. मुलांनी विचारलं तर उलट त्यांनाच विचारा, कुठला विषाणू म्हणता, पेशीबाहेरचा की पेशीतला?

सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावण्यासाठी लांब जायला नको. जॅकार्डचा माग चालताना मुलांनी पाहिला नसेल तर एकदा जरूर दाखवा. जुन्या जॅकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कुठे भोक आहे, कुठे नाही, यावर ताण्याचे कुठले धागे उचलले जाणार हे ठरतं आणि चादरीवर मोर उठतो की वेल, हे त्यावरून ठरतं. माग कार्डं वाचतो, एवढंच. ती कार्डं मालकाने चढवली की रात्री कुणी गुपचूप अडकवून गेलं, हे मागाला कळत नाही. वीज कारखान्याची, सूत कारखान्याचं, मजुरी कारखान्याची, आणि निघणारा माल मात्र भलत्याचाच. विषाणू म्हणजे ती कार्डांची माळ आणि तिच्याभोवतीचं वेष्टन. चिकनगुनियाच्या माळेत जेमतेम ११,८०० अक्षरं आहेत. माणसाच्या जनुकांच्या एका संचात ३०० कोटींच्या वर. एवढ्याशा मजकुरात दहाएक प्रथिनांच्या सूचना असतात. पण त्या वाचायला लागणारं यंत्र, रायबोसोम, त्याच्याकडे एकही नाही.

मग शिरतो कसा? इथे थोडं सावकाश जाऊ, कारण गंमत इथेच आहे.

डासाच्या लाळेतून तो त्वचेत येतो. गोळ्याच्या पृष्ठभागावर तीन-तीन जोड्यांचे मिळून ८० काटे असतात. प्रत्येक जोडीत दोन प्रथिनं, ई१ आणि ई२. इकडून तिकडे ढकलला जाताना गोळा असंख्य पेशींना घासतो. एखाद्या पेशीच्या पृष्ठभागावर एमएक्सआरए८ नावाचं प्रथिन असेल, तर ई२चा आकार त्यावर नेमका बसतो आणि गोळा तिथे चिकटतो. हे प्रथिन पेशीने विषाणूसाठी ठेवलेलं नाही, तिच्या स्वतःच्या कामासाठी ठेवलेलं आहे. चिकनगुनिया त्याला धरतो हे तर २०१८मध्ये समजलं. विषाणू १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत होता, तरी एवढी वर्षं लागली.

चिकटल्यावर पेशी तो तुकडा आत ओढून घेते. पेशी हे दिवसभर करतच असते. रक्तातलं लोह, कोलेस्टेरॉल ती असंच आत घेते: पृष्ठभागावर खळगा पडतो, तो खोल होतो, तुटून आत पिशवी बनते. पुढे त्या पिशवीत आम्ल सोडायचं, म्हणजे आत घेतलेला माल सुटा होतो, हीसुद्धा पेशीची नेहमीची पद्धत. विषाणूचा सगळा डाव या आम्लावर अवलंबून आहे. आम्लता वाढली की ई१ आणि ई२ची जोडी फुटते, ई१ उलगडतं, त्याचं टोक पिशवीच्या पडद्यात रुततं, मग ते पुन्हा दुमडतं आणि दुमडताना विषाणूचा पडदा व पिशवीचा पडदा एकमेकांवर खेचून एकजीव करून टाकतं. भोक पडतं. माल पेशीच्या आत. आम्ल सोडलं पेशीने, पिशवी बनवली पेशीने. ई१ची घडी मात्र आधीच अशी घातलेली होती की आम्ल लागताच ती सुटावी. ‘शिरणं’ म्हणतात ते एवढंच, आणि त्याला काही मिनिटं पुरतात.

इथे एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध या पिशव्यांतलं आम्ल कमी करतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ते टाकलं की चिकनगुनियाचा विषाणू आत अडकून पडतो. केवढी आशा वाटली होती. २००६च्या साथीत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर ते रुग्णांना देऊन पाहिलं, आणि ताप-सांधेदुखीच्या त्या दिवसांत त्याचा काही उपयोग दिसला नाही. पेशींच्या बशीत चालणारं औषध माणसात चालेलच असं नाही, हे आम्ही तेव्हाही शिकलो होतो. २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, हाच धडा साऱ्या जगाने पुन्हा गिरवला.

आत आल्यावर प्रथिनांचं कवच सुटतं आणि आरएनएचा धागा मोकळा होतो. त्याच्या सुरुवातीला पेशीच्या स्वतःच्या संदेशावर असते तशीच रासायनिक टोपी असते, शेवटी तसंच शेपूट. रायबोसोमला फरक कळायचं कारणच नाही. ते वाचू लागतं. पहिल्यांदा जी चार प्रथिनं तयार होतात ती नकला काढण्याच्या कामाची. हे खातं विषाणूला स्वतःचं ठेवावं लागतं, कारण आरएनएवरून आरएनएची एवढी लांब नक्कल काढायची सोय आपल्या पेशीत नाही. (औषधं शोधणाऱ्यांची नजर त्यामुळेच या प्रथिनांवर असते.) नकला काढणारं हे प्रथिन उलटतपासणी करत नाही. अंदाजे दर दहा हजार अक्षरांमागे एखादी चूक करतं, म्हणजे जवळपास प्रत्येक नकलेत एखादा बदल. बहुतेक बदल वाया जातात. क्वचित एखादा लागू पडतो: रियुनियनच्या साथीत ई१ प्रथिनातल्या २२६ क्रमांकाच्या जागी ॲलानिनऐवजी व्हॅलिन आलं (ही दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी), आणि तेवढ्याने तो विषाणू टायगर डासात, म्हणजे एडिस अल्बोपिक्टसमध्ये, कितीतरी सहज वाढू लागला. पुढे २००७मध्ये केरळातही तोच बदल सापडला. एका अमिनो आम्लाने वाहक डास बदलला.

मग कवचाची आणि काट्यांची प्रथिनं बनतात. पेशीची स्वतःची प्रथिनं ज्या वाटेने पृष्ठभागावर जातात त्याच वाटेने हीही जातात. वाटेत त्यांच्यावर साखरेचे रेणू चढवणं, योग्य जागी छाटणं, सगळं पेशीच्या हातून. पृष्ठभागापाशी धागा आणि कवच एकत्र येतात आणि पेशीचाच पडदा अंगावर ओढून नवे गोळे बाहेर पडतात. तोवर विषाणूच्या एका प्रथिनाने पेशीच्या स्वतःच्या जनुकांचं वाचन बंद पाडलेलं असतं. काही तासांत हे सारं उरकतं आणि ती पेशी बहुधा मरते. तापाच्या पहिल्या दिवसांत रुग्णाच्या रक्ताच्या एका थेंबात लाखो गोळे असू शकतात.

पेशी एवढी भोळी आहे का? नाही. नक्कल काढताना आरएनएचे दोन लांब धागे एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत काही काळ राहतात. निरोगी पेशीत असं दुहेरी आरएनए नसतं. विषाणू ते पडद्याच्या छोट्या फुगवट्यांत लपवतो खरा, पण पेशीतली काही प्रथिनं नेमकं हेच हुडकत फिरत असतात. सापडलं की पेशी इंटरफेरॉन सोडते, आणि आजूबाजूच्या पेशी ते ओळखून प्रथिन बनवण्याची यंत्रणा आवरती घेण्याच्या तयारीला लागतात. १९५७मध्ये हा पदार्थ सापडला. यकृताच्या सी विषाणूवर (हेपॅटायटिस सी) पूर्वी आम्ही इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचो तेव्हा पाहिलंय: इंजेक्शन घेतलं की रुग्णाला संध्याकाळी थंडी, ताप, अंग मोडून येणं. वेगळा कुठलाही विषाणू शरीरात न घालता. तेव्हा सासूबाईंचा ताप आणि अंगदुखी यात मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्या बंदोबस्ताचा होता. सांधे दुखतात ते मात्र विषाणूला सांध्याच्या अस्तरातल्या आणि स्नायूंभोवतीच्या पेशी मानवतात म्हणून, आणि तिथे जमलेल्या प्रतिकारपेशींच्या सुजेमुळे. म्हणूनच रक्तातला विषाणू आठवड्यात संपला तरी सकाळी उठताना मुठी वळत नाहीत ही तक्रार महिनोन्‌महिने चालते. वयस्कर बायकांत जास्त.

कुठल्या पेशीत शिरता येतं यावर आजार कसा दिसणार हे ठरतं, आणि कुणाला होणार हेही. गोठ्यातल्या गायीला डास चावत नाहीत का? चावतात. पण गायीच्या एमएक्सआरए८मध्ये १५ अमिनो आम्लांचा एक जास्तीचा तुकडा नेमका मधे आलाय, त्यामुळे ई२ला तिथे बसताच येत नाही. २०२२मध्ये गुरांना लंपी हा त्वचारोग आला तेव्हा उलटा प्रश्न होता. सांगोला-मंगळवेढ्याकडचे लोक फोन करून विचारायचे, दूध प्यावं का, हात लावला तर आपल्याला होईल का. लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला, मोठा, दीडेक लाख अक्षरांचा, डीएनएवाला. माणसाला तो होत नाही. या कुळात अडवणूक बरेचदा दारात होत नाही, आत गेल्यावर होते: पेशीचे बंदोबस्त मोडायला लागणारी प्रथिनं ज्या प्राण्यासाठी तयार झालेली असतात त्याच्यातच नीट चालतात. शेतकऱ्यांनी आणखी एक विचारलेलं आठवतं, डाळिंबावरचा तेल्या हाही व्हायरसच ना? तेल्या जिवाणूमुळे होतो, त्याचं शास्त्र निराळं.

त्यावरून अँटिबायोटिककडे येतो. पेनिसिलीन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. ॲझिथ्रोमायसीन, जे आपल्याकडे सर्दी-तापाला सर्रास लिहिलं जातं, जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन अडकतं. विषाणूला भिंत नाही आणि त्याचा मजकूर वाचतं ते आपलं रायबोसोम. ते जिवाणूच्या रायबोसोमपेक्षा वेगळं असतं, म्हणून तर ॲझिथ्रोमायसीन घेऊन आपण जगतो. मग औषधाने पकडायचं काय? विषाणूचं स्वतःचं असं जे थोडंसं असतं तेवढंच. नागिणीवरचं ॲसायक्लोव्हिर असं आहे: ते कामाला लागण्यासाठी त्या विषाणूचंच एक विकर लागतं, म्हणून लागण झालेल्या पेशीतच ते जागं होतं. यकृताच्या सी विषाणूचं नकला काढणारं प्रथिन अडवणाऱ्या गोळ्या आल्या आणि इंटरफेरॉनची ती त्रासदायक इंजेक्शनं मागे पडली. चिकनगुनियासाठी असं मान्यताप्राप्त औषध आजमितीस नाही. तुमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही याबद्दल त्यांच्यावर राग धरू नका. ते मागितल्यावर न देणं हे देण्यापेक्षा अवघड असतं. डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत त्यांनी तापावर फक्त पॅरासिटामॉल दिलं असेल, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन टाळलं असेल, तर तेही बरोबरच आहे, कारण डेंग्यूत त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

बाहेर पडताना पेशीचा स्निग्ध पडदा अंगावर घेतला, असं वर म्हटलं. ती सोय विषाणूला महागही पडते, कारण साबणाने तो पडदा विरघळतो आणि काटे गळून गेलेला गोळा कशालाच चिकटत नाही. कुत्रा चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, असं आम्ही ओरडून सांगतो ते रेबीजच्या विषाणूला असाच पडदा असतो म्हणून. धुवून मग लस घ्यायला जायचं. धुणं हा लसीला पर्याय नाही. उलट पोलिओ, रोटा, किंवा काविळीचे ए आणि ई विषाणू शौचावाटे बाहेर पडताना उघडे असतात, पडद्याविना. आतड्यातल्या पित्तापुढे पडदा टिकलाच नसता. ते चिवट असतात, पाण्यात तग धरतात, सॅनिटायझरला सहज दाद देत नाहीत. आषाढीला पंढरपुरात आरोग्य खात्याची माणसं पाण्यातला क्लोरीन तपासत फिरतात त्याचं हे एक कारण.

डासाचं राहिलं. डास म्हणजे सुई नव्हे. रक्तातून आलेला विषाणू आधी त्याच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, मग लाळग्रंथीत पोचतो, आणि याला काही दिवस जातात. तोवर तो डास चावला तरी आजार देत नाही. नंतर मरेपर्यंत देत राहतो. डासाच्या पेशी मात्र या साऱ्यात मरत नाहीत, डास आजारी दिसत नाही. मजकूर तोच, पेशी वेगळी, म्हणून परिणामही वेगळा. हा आजार पसरवणारी इजिप्ती एडिस डासाची मादी दिवसा चावते, घरातल्या साठवणीच्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. आपल्याकडे उजनी धरण भरलं तरी शहराला नळाचं पाणी काही दिवसांआड, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, पिंपं. लोक आठवड्याला पाणी ओततात आणि लगेच पुन्हा भरतात. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात. घासणीने कडा घासा, मग भरा, मग फडक्याने घट्ट बांधा. पाण्याचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, घासणी आहे.

आता तो निगेटिव्ह रिपोर्ट. तिसऱ्या दिवशी बहुधा आयजीएमची तपासणी झाली असेल, कारण ती स्वस्त आणि सगळीकडे होते. ती विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती रक्तात दिसू लागायला ताप आल्यापासून चार-पाच दिवस तरी लागतात. तिसऱ्या दिवशी रक्तात विषाणू भरपूर, प्रतिपिंडं नाहीत. त्या दिवशी पीसीआर, म्हणजे विषाणूचं आरएनएच शोधणारी तपासणी, केला असता तर ते बहुधा सापडलं असतं. आठवडा उलटला की उलट होतं, पीसीआर कोरा आणि आयजीएम ठळक. सासूबाईंचं खात्रीने जाणून घ्यायचंच असेल तर आता आयजीएम पुन्हा करा. फक्त, ही प्रतिपिंडं काही महिने रक्तात राहतात. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्यांना परत ताप आला आणि कुणी हीच तपासणी करून पॉझिटिव्ह म्हणालं, तर जुना रिपोर्ट दाखवा, आणि त्या वेळी डेंग्यूची एनएस१ तपासणी (ती विषाणूचं प्रथिनच शोधते) पहिल्या चार-पाच दिवसांतच करून घ्या.